झॅक मॉरिसचे बेत फालतू नाहीत (खडूफळा यांना उत्तर)

तिसरा_बाक

खडूफळा यांनी काल लिहिलं की 'सेव्ह्ड बाय द बेल' ही शनिवार सकाळची अमेरिकी शाळकरी विनोदी मालिका म्हणजे झॅक मॉरिस या देखण्या लबाड पोराची बावीस मिनिटांची आरती आहे, झॅकचे बेत शेंबड्या पोरानेही रचावेत इतके कच्चे आहेत आणि ही मालिका कुणाला आवडत असेल तर ती फक्त जुन्या आठवणींपोटी. तिन्ही विधानं चूक आहेत. तिसरं तर वाचणाऱ्याची अक्कल काढणारं आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

बेतावर चालणाऱ्या विनोदाचा कणा एकच: बेत काय आहे ते प्रेक्षकाला आधीच कळलेलं असावं लागतं. रहस्यकथेत ते दडवतात, इथे उघड करतात, कारण हसू येतं ते बेत जिथे वाकडा जातो त्या नेमक्या जागेवर. सरळ वाट ठाऊक नसेल तर वाकडी ओळखायची कशी? झॅकचा 'टाइम आउट' याच कामाचा आहे. तो हाताने खूण करतो, बाकीचे जिथल्या तिथे थिजतात आणि तो आपल्याकडे वळून सांगतो की आता मी हे करणार आहे. आपल्या रंगभूमीवरचं स्वगत दुसरं काय करतं? दहा सेकंदांत प्रेक्षक कटात सामील होतो.

'क्रीम फॉर अ डे' घ्या, पहिला सीझन, १९८९. होमकमिंग क्वीनची, म्हणजे शाळेच्या सोहळ्यातल्या राणीची, निवडणूक तोंडावर आणि झॅकला आवडणाऱ्या केलीच्या चेहऱ्यावर पुटकुळी. झॅकचा भोळा मित्र स्क्रीच याने घोटलेल्या मलमाने ती जाते. झॅकला लगेच धंदा दिसतो, 'झिट-ऑफ' शाळाभर विकलं जातं. मग कळतं की पुटकुळी जाते खरी, पण थोड्या वेळाने चेहरा मरून रंगाचा होतो. आता जोडणी बघा. मलम खोटं नाही, ते काम करतं. बेत फसतो तो थापेमुळे नाही, घाईमुळे: एका चेहऱ्यावर चाललं म्हणून दुसऱ्या दिवशी बाजारात. शेवट तर बेतूनही जमणार नाही असा. मरून हा शाळेचा रंग, त्यामुळे केलीने शाळेच्या अभिमानापोटी तोंड रंगवलं असं समजून मुकुट तिलाच मिळतो. कारण, परिणाम, उलटापालट, सगळं बावीस मिनिटांत. याला कच्चं म्हणायचं?

खडूफळा

माझं म्हणणं तुम्हीच सिद्ध केलंत. मलम विकलं झॅकने, तोंड रंगलं केलीचं आणि तिला मुकुट देऊन लेखकांनी झॅकचंही कर्ज फेडून टाकलं. बेत अंगाशी येतो म्हणता, पण कुणाच्या अंगाशी?

'मॉडेल स्टुडंट्स' काढा. शाळेचं दुकान तोट्यात, तर उपाय काय? पोहणाऱ्या मुलींचे चोरून फोटो काढायचे आणि त्यांचं कॅलेंडर विकायचं. मुलींना पत्ता नाही. चिडतात, मग एका मासिकाला केली आवडते, पॅरिसची गोष्ट निघते आणि भांडणाचा विषयच बदलतो. फोटो चोरून काढले त्याचं काय झालं? काही नाही. 'द झॅक टेप्स'मध्ये कॅसेटमधल्या संगीताखाली संदेश दडवून केलीचं मन वळवायचं. 'रेंट-अ-पॉप'मध्ये वडिलांना मुख्याध्यापकांसमोर आणायचं नाही म्हणून 'द मॅक्स' या टोळक्याच्या खाण्याच्या अड्ड्यातला वेटर भाड्याचा बाप म्हणून उभा करायचा. एकातही झॅकला पुढच्या शनिवारी काही आठवत नाही.

हे मी एकटा म्हणत नाही. २०१७ साली 'फनी ऑर डाय' या विनोदी संकेतस्थळावर 'झॅक मॉरिस इज ट्रॅश' ही व्हिडिओमालिका आली ती याच एका मुद्द्यावर. भागामागून भाग घेतले, झॅकने कुणाचं काय नुकसान केलं ते ओळीने मांडलं. ते लिहिणारा डॅशेल ड्रिस्कॉल याच मालिकेच्या २०२०च्या नव्या आवृत्तीच्या लेखकांत आला. खुद्द निर्मात्यांना पटलं, तुम्हाला पटत नाही.

आणि 'एसएटी'चे, म्हणजे कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेचे, गुण? त्या काळच्या परीक्षेत गुण दहाच्या पटीत मिळायचे. झॅकला दिले १५०२. दोन गुण कुठून आणले? ज्यांना एवढं तपासायचं नव्हतं ते बेताची जोडणी काय तपासणार!

वेलक्रो_खिसा

तुम्ही दोघंही चुकीच्या शाळेत भांडताय. शाळकरी टोळक्याच्या बेतांवरची खरी मालिका 'पार्कर लुइस कान्ट लूज'. फॉक्स, २ सप्टेंबर १९९० पासून, तीन सीझन, ७३ भाग. सँटो डॉमिंगो हायस्कूल, पार्कर, मायकी, जेरी. 'सिंक्रोनाइज स्वॉचेस' म्हणत तिघं घड्याळं जुळवतात तिथून बेत सुरू होतो आणि पुढे तो आपल्याला दिसतो. ऐकवत नाहीत, दाखवतात.

फरक कॅमेऱ्याचा आहे. 'सेव्ह्ड बाय द बेल' तीन भिंतींच्या सेटवर, एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून, व्हिडिओ टेपवर. जागा मोजक्या: लॉकरची मार्गिका, वर्ग, मुख्याध्यापक बेल्डिंगची खोली, द मॅक्स, झॅकची झोपायची खोली. बेताचा जो टप्पा या जागांबाहेर घडतो तो द मॅक्समधल्या बाकावर बसून तोंडी सांगावा लागतो. निम्मे बेत असे ऐकीव आहेत. 'पार्कर लुइस' फिल्मवर, एका कॅमेऱ्याने. प्रत्येक चौकट वेगळी लावायची, प्रकाश नव्याने करायचा, म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही जास्त, पण जेरीच्या लांब कोटाच्या आत वेलक्रोने चिकटवलेल्या वस्तूंपैकी नेमकी कुठली, कधी बाहेर येते ते जवळून दाखवता येतं. कोट उघडताना चर्रर्र आवाज येतो, तोच विनोदाची खूण. वर हशा लावलेला नाही. मुख्याध्यापिका मिस मुसोने दार आपटलं की त्यावरची काच फुटते, दर वेळी, आणि कुठे हसायचं ते कुणी सांगत नाही.

मधली_सुट्टी

काचेचं आणि कोटाचं मान्य. पण वेलक्रो, तू एक गोष्ट गाळतोस. 'पार्कर लुइस' आली ती शाळेला दांडी मारणाऱ्या फेरिस ब्युलरच्या १९८६च्या चित्रपटाच्या लाटेवर. खुद्द त्या चित्रपटाची मालिका 'सेव्ह्ड बाय द बेल' दाखवणाऱ्या एनबीसी वाहिनीने त्याच वर्षी, २३ ऑगस्ट १९९० ला, आणली आणि ती १३ भागांत गुंडाळली. म्हणजे देखणं शूटिंग आणि हुशार पोरगा एवढ्याने मालिका टिकत नाही. 'सेव्ह्ड बाय द बेल'चे ८६ भाग झाले, १९८९ ते १९९३, कारण टोळकं झॅक, केली, जेसी, स्लेटर, लिसा आणि स्क्रीच अशा सहा जणांचं होतं. बेत एकाचा असला तरी त्यात खोडा घालायला पाच वेगवेगळी माणसं. जेसी तत्त्वासाठी अडवणार, स्लेटर ईर्ष्येपोटी, लिसा बातमी फोडणार, स्क्रीच इमानाने मदत करायला जाऊन घोळ घालणार. पार्करच्या टोळीत तिघंही एकाच बाजूचे. अडथळा कायम बाहेरून, मुसो नाहीतर तिचा हस्तक लेमर.

आता खडूफळांच्या मुद्द्यावर. 'पुढच्या शनिवारी झॅकला काही आठवत नाही' हे खरं आहे, पण दोष लेखकांचा नाही, प्रक्षेपणाच्या क्रमाचा आहे. हे भाग ज्या क्रमाने रचले त्या क्रमाने दाखवलेच नाहीत. 'किंग ऑफ द हिल'मध्ये स्लेटर पहिल्यांदा शाळेत येतो. तो भाग दाखवला पहिल्या सीझनच्या शेवटाकडे! तोवर स्लेटर डझनभर भागांत वावरून झालेला. ज्या मालिकेत पात्र नंतर दाखल होतं आणि आधी दिसतं, तिथे मागच्या बेताची आठवण कुठून ठेवणार?

रिमोटकर

क्रमाचा विषय निघालाच आहे तर तो पूर्ण करा, कारण इथे नेहमी अर्धवट सांगितलं जातं.

एक, या मालिकेची पूर्वज 'गुड मॉर्निंग, मिस ब्लिस', तिचे १९८८-८९चे १३ भाग. डिस्ने चॅनलवरचे, हेली मिल्स शिक्षिका, शाळा इंडियानापोलिसची. एनबीसीने झॅक, स्क्रीच, लिसा आणि बेल्डिंग यांना उचलून कॅलिफोर्नियात बेसाइड शाळेत आणून ठेवलं, मायकी आणि निकी ही तिथली पात्रं गायब. शहर बदललं कसं, कुणी विचारायचं नाही. पुढे पुनःप्रक्षेपणासाठी हे १३ भाग झॅकची नवी प्रस्तावना जोडून 'सेव्ह्ड बाय द बेल' म्हणूनच दाखवले. त्यामुळे कुणी ८६ म्हणतं, कुणी ९९. दोन्ही बरोबर.

दोन, तिसरा सीझन. झॅक-केलीचं तुटतं तो 'द लास्ट डान्स' आणि लगेच 'द आफ्टरमॅथ'. त्यानंतर १९९१च्या हिवाळ्याआधीच्या महिन्यांत शाळेचे भाग आणि मालिबू सँड्स या समुद्रकिनारी क्लबातले उन्हाळी सहा भाग मिसळून दाखवले. एका भागात झॅक समुद्रकिनारी क्लबमालकाच्या मुलीच्या, स्टेसी कॅरोसीच्या, मागे आणि दुसऱ्यात वर्गात बसलेला. सहाही भाग काढून सलग लावले तरच त्या गोष्टीला डोकं-शेपूट येतं.

मधली_सुट्टी

सलग लावायचे हे ठीक, पण कुठे? ब्रेकअपच्या दोन भागांनंतर लगेच लावलेत तर चुकेल. केली तेव्हा द मॅक्सच्या मॅनेजरबरोबर, जेफबरोबर आहे. मालिबूत जेफचा मागमूस नाही. जेफचं पितळ उघडं पडतं 'फेक आयडीज'मध्ये: खोटी ओळखपत्रं घेऊन टोळकं क्लबात शिरतं आणि तिथे जेफ दुसऱ्या मुलीबरोबर सापडतो. म्हणून क्रम असा: 'लास्ट डान्स', 'आफ्टरमॅथ', 'फेक आयडीज', मग मालिबूचे सहा, मग उरलेली शाळा.

रिमोटकर

हे होणार नाही. मालिबू म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी. 'फेक आयडीज' चालू वर्षातला भाग. तो सुट्टीच्या आधी टाकलात तर शाळेचं वर्ष मधेच संपवावं लागेल. जेफ दिसत नाही म्हणून तो नाहीच, हे कशावरून? दिसत नसलेल्या माणसांवर क्रम लावायचा तर चौथ्या सीझनचं काय करणार?

मधली_सुट्टी

प्रेमप्रकरणाचा धागा सोडून कॅलेंडर धरून बसायचं असेल तर खुशाल बसा. पाहणारा पात्रांसाठी पाहतो, तारखांसाठी नाही. आणि चौथ्या सीझनचा टोमणा कशाला? त्याची उकल अवघड नाही. टिफनी-अंबर थीसन (केली) आणि एलिझाबेथ बर्कली (जेसी) यांचे करार संपले, वाहिनीला जास्तीचे भाग हवे होते, त्या दोघी थांबल्या नाहीत. तोवर पदवीदानाचा भाग चित्रित होऊन पडला होता. मग लिआना क्रील टोरी म्हणून आली, दहा भाग. मोटारसायकल, चामडी जाकीट, झॅकशी पहिल्या भेटीतच पार्किंगच्या जागेवरून भांडण. केली-जेसी कुठे गेल्या कुणी बोलत नाही आणि पदवीदानात टोरी नाही. हे दहा भाग सलग घ्यायचे, पदवीदानाच्या बरेच आधी, आणि मग केली-जेसीचे भाग पाहत शेवटाकडे जायचं. टोरीचे दहा शेवटाला चिकटवले की ती एका आठवड्यात हवेत विरल्यासारखी वाटते.

वेलक्रो_खिसा

टोरीचे दहाच्या दहा सरळ वगळा. कथेला काही फरक पडत नाही.

मधली_सुट्टी

पडतो. भूकंपाचा भाग त्यातलाच: बेल्डिंगची बायको लिफ्टमध्ये अडकते आणि बाळंत होते. झॅक आणि टोरी तिच्याबरोबर आत. एरवी ज्याची खोड मोडायला बेल्डिंग टपलेला असतो त्याच झॅकच्या भरवशावर त्याचं मूल जन्माला येतं. बेल्डिंग आणि झॅक यांच्या नात्यातला हा कळीचा भाग वगळायला सांगतोस आणि वर 'पार्कर' श्रेष्ठ म्हणतोस? मुसो आणि पार्कर यांच्यात असं काही आहे का?

तिसरा_बाक

धागा झॅकच्या बेतांवर होता. पंधरा मिनिटं तुम्ही तिघं कपाट लावल्यासारखे भाग लावताय.

पण त्यातूनच माझ्या कामाचं मिळालं. खडूफळा म्हणतात झॅकला किंमत मोजावी लागत नाही. पदवीदानाचा भाग पाहा. चार वर्षं शॉर्टकट मारले आणि शेवटी हिशेबात एक क्रेडिट कमी पडतं. पदवी हवी तर शाळेच्या बॅलेत नाचायचं. तिथे कुठला डाव नाही, भाड्याचा बाप नाही. सराव करायचा आणि चड्डीवजा पोशाखात स्टेजवर उभं राहायचं. 'पाइप ड्रीम्स'मध्ये शाळेच्या मैदानात तेल लागतं, पैशाच्या कल्पनेने सगळे खूश, त्यात झॅकही. तेल सांडतं आणि त्याने जीव लावलेलं बदक, बेकी, मरतं. त्यानंतर तोच झॅक तेलवाल्यांच्या विरोधात उभा राहतो. ही किंमत नाही?

खडूफळा

बदकाचा भाग मान्य. पदवीदानही मान्य करतो, नाइलाजाने, कारण तिथे सुटका शोधली नाही. ८६ मधले दोन झाले. 'मॉडेल स्टुडंट्स'बद्दल मात्र तुम्ही अजून एक अक्षर काढलेलं नाही.

निळी_शाई

'मॉडेल स्टुडंट्स'बद्दल मी काढते. तो भाग समर्थन करण्यासारखा नाही, तेव्हाही नव्हता. मुलींच्या रागाला तिथे अर्धा प्रसंग मिळतो आणि पॅरिसला उरलेला सगळा भाग. तिसरा_बाक, तुमच्याच कसोटीने तो पडतो: बेत वाकडा जातच नाही, उलट फळतो. विनोद म्हणूनही फसलेला भाग आहे. एवढं मान्य केल्याने बाकीची मालिका बुडत नाही.

पण खडूफळा, 'शेवटी उपदेश आणि सगळं माफ' असंही तुम्ही काल लिहिलं होतं आणि त्याचं कारण मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम दाखवायला लावणारा १९९०चा चिल्ड्रन्स टेलिव्हिजन अॅक्ट असं दिलं होतं. ते तारखांत बसत नाही. कायदा झाला ऑक्टोबर १९९० मध्ये, त्याचे नियम लागू झाले १९९१ मध्ये. 'जेसीज साँग' दाखवला ३ नोव्हेंबर १९९० ला. मालिकेतला सगळ्यात उपदेशपर भाग कायद्याची अंमलबजावणी सुरू होण्याआधीचा आहे.

तिथे अडवलं ते काय दाखवायचं नाही ते ठरवणाऱ्या वाहिनीच्याच स्टँडर्ड्स विभागाने. निर्माता पीटर एंगेल याने आपल्या आठवणींत लिहिलं आहे की मूळ संहितेत जेसी अॅम्फेटामाइन घेणार होती. शनिवार सकाळच्या कार्यक्रमात ते चालणार नाही म्हणून कॅफीनच्या गोळ्या आल्या. प्रसंगाचा आवेश मात्र मूळचाच राहिला. भूमितीची परीक्षा आणि मुलींच्या 'हॉट संडे' या गायनगटाचं गाणं यांत पिचलेली जेसी गाणं म्हणता म्हणता 'आय अॅम सो स्केअर्ड'वर येते आणि झॅकच्या मिठीत कोसळते. गोळी हलकी, कोसळणं जड, म्हणून लोक आज त्या प्रसंगाला हसतात. एलिझाबेथ बर्कलीने तो जीव ओतून केला आहे. दोष असलाच तर गोळी बदलणाऱ्यांचा.

आणि त्या प्रसंगात झॅक काय करतो ते बघा. टाइम आउट नाही. प्रेक्षकांकडे वळणं नाही. ज्याच्याकडे दर वेळी वेळ थांबवायची सोय असते तो इथे नुसता तिला धरून बसतो. हे लेखकांना कळत नव्हतं असं म्हणायचं आहे का?

खडूफळा

कायद्याची तारीख माझी चुकली, ते मागे घेतो. जेसीच्या प्रसंगावर वाद नाही.

पण मूळ मुद्दा तसाच उभा आहे आणि तो २०२०च्या मालिकेनेच मांडला. झॅक कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर. निवडणूक लढवली ७५ डॉलरचा पार्किंगचा दंड चुकवायला. पैशाची तूट पडली म्हणून गरीब वस्त्यांतल्या शाळा बंद केल्या आणि तिथली मुलं बेसाइडला पाठवली. छोटा दंड, मोठा बेत, भरणारी तिसरीच मुलं. जुन्या झॅकचं हे अचूक गणित आहे. त्याच पात्रावर, त्याच नटाला, मार्क-पॉल गोसेलारला, घेऊन.

तिसरा_बाक

गणित अचूक आहे, म्हणूनच ते जमलं. ज्या पात्राचे बेत कच्चे असतात त्याच्यावर तीस वर्षांनी असा एक ओळीचा बेत रचताच येत नाही. पार्किंगच्या जागेवरून टोरीशी भांडणारा झॅक आणि पार्किंगच्या दंडासाठी गव्हर्नर होणारा झॅक एकच माणूस आहे, हे बघताक्षणी पटतं. 'मॉडेल स्टुडंट्स' सोडतो. निळी_शाई म्हणतात ते बरोबर, बेत वाकडा जात नाही.

रिमोटकर

मधली_सुट्टी, 'फेक आयडीज' पुन्हा तपासला. जेफचं प्रकरण तिथेच संपतं, तुझं खरं. पण मालिबूच्या सहांमध्ये शाळा उघडण्याचा उल्लेख येतो, त्यामुळे ते 'फेक आयडीज'नंतर चालू वर्षात बसत नाहीत. एकच वाट उरते: ब्रेकअपचे दोन आणि 'फेक आयडीज' हे तिन्ही आधीच्या वर्षाच्या शेवटी ढकलायचे आणि मग मालिबू.

मधली_सुट्टी

म्हणजे दुसऱ्या सीझनच्या शेपटाला. चालेल. तीनच भाग हलतात आणि दोघांचंही जुळतं. टोरीचे दहा मात्र मी सांगितले तिथेच.